टेबल पोहोचलं, म्हणजे काम झालं?

मायएसक्यूएलमधलं टेबल पोस्टग्रेसमध्ये टाकायचं, दोन्हीकडच्या ओळी मोजायच्या, आकडा जुळला की घरी जायचं, असा बहुतेकांचा बेत असतो. त्रास सुरू होतो तो दुसऱ्या दिवशी.

गैरसमज: एसक्यूएल इथूनतिथून सारखंच.
वस्तुस्थिती: प्रमाण एसक्यूएल १९८६पासून आहे, पण बोली ज्याची त्याची. सैल सेटिंगवरचं मायएसक्यूएल ००००-००-०० ही तारीख मुकाट्याने ठेवून घेतं, पोस्टग्रेस ती दारातच अडवतं. ओरॅकलला रिकामी स्ट्रिंग म्हणजे नल. पोस्टग्रेसला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, त्यामुळे नल शोधणारी जुनी क्वेरी नव्या घरी अर्ध्याच ओळी देते आणि एररही येत नाही. एरर आलेली परवडली!

गैरसमज: रकान्याची रुंदी २० म्हणजे २० अक्षरं.
वस्तुस्थिती: पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये हो. ओरॅकल मात्र काही वेगळं सांगितलं नसेल तर बाइट मोजतं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना, मात्रा, अनुस्वारसुद्धा. 'देशपांडे' या आडनावात अशी ८ चिन्हं, म्हणजे २४ बाइट. २० बाइटच्या रकान्यात देशपांडे मावत नाहीत, जोशी मावतात. इंग्रजी नावांवर चाचणी घेणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. टेबल बनवतानाच रुंदी अक्षरांत मागून घ्या.

गैरसमज: ओळी जुळल्या, आता काळजी नको.
वस्तुस्थिती: समजा ५००० ग्राहक आयडीसकट नीट आले. सकाळी काउंटरवर नवा ग्राहक नोंदवायला गेलं की 'डुप्लिकेट की'. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. लोक डेटा खराब झाला म्हणून सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करतात, आणि पुन्हा इथेच येऊन थांबतात. डेटा ठणठणीत असतो. पोस्टग्रेसमध्ये पुढचा नंबर देणारा सीक्वेन्स टेबलापासून वेगळा असतो. आयडी बाहेरून भरले तर तो हलत नाही, १पासूनच वाटप सुरू करतो. सेटव्हॅल फंक्शनने त्याला सगळ्यात मोठ्या आयडीवर आणून ठेवलं की झालं, एका ओळीचं काम.

पीजीलोडरसारखी टूल्स यातलं बरंच सांभाळतात, शून्य तारखेचं नलही करतात. पण ते तुम्हाला हवं होतं का, हे टूलला ठाऊक नसतं.

म्हणून ओळींबरोबर रकमांची बेरीज, प्रत्येक रकान्यातले नल आणि पहिली-शेवटची तारीख दोन्हीकडे ताडून पाहा. एक नवी नोंदही करून बघा. तोवर जुना सर्व्हर बंद करू नका.