खोकल्याचे औषध आणि ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट

जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर पहाटे भरतीसाठी धावणारी, आखाड्यात घाम गाळणारी आपली मुले-मुली आम्ही पाहतो. त्यांतला एखादा तंबाखूलाही न शिवणारा असतो. तरीही लघवीच्या तपासणीत त्याचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतो, तोही घरातल्या साध्या औषधामुळे.

मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला घेतलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालीन सापडले. खोकल्याच्या अनेक औषधांत ते असते. त्याने ते नकळत घेतले, हे क्रिकेट मंडळाने मान्य केले. तरी ८ महिन्यांची बंदी टळली नाही.

असे दोन प्रकारे घडते. पहिला प्रकार म्हणजे औषधातच ते द्रव्य असते. कोडीन असलेले सिरप घेतले की शरीरात त्यातल्या काही भागाचे मॉर्फीन बनते आणि अफूची तपासणी पॉझिटिव्ह येते. दुसऱ्या प्रकारात झटपट तपासणीच फसते. रचनेने मिळतेजुळते औषध तिला नशेचे द्रव्य वाटते. सर्दीच्या गोळीतले स्यूडोएफेड्रीन, ॲसिडिटीवरचे पॅन्टोप्राझोल, क्षयरोगावरचे रिफाम्पिसीन यांमुळे काही किटवर अनुक्रमे ॲम्फेटामाइन, गांजा आणि अफू यांचा चुकीचा निकाल आल्याची नोंद आहे.

मग काय करावे?

डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचे बिल जपून ठेवा. मेडिकलवरून मनानेच सिरप घेऊ नका. नमुना देण्याआधी चालू असलेली सर्व औषधे लेखी सांगा. पॉझिटिव्ह आल्यास घाबरून गप्प बसू नका. खात्रीची तपासणी लेखी अर्ज देऊन मागा. मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या यंत्रावर द्रव्य नेमके ओळखले जाते.

खेळाडूंना मात्र चिठ्ठी पुरत नाही. बंदी असलेले औषध उपचारासाठी लागणारच असेल, तर ‘नाडा’ या राष्ट्रीय संस्थेकडून आधी सूट घ्यावी लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तपासणीच्या भीतीने क्षयरोगाच्या, फिटच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. रिपोर्ट पुन्हा तपासता येतो, पण अर्धवट सोडलेल्या औषधाने बळावलेला क्षयरोग आटोक्यात आणणे फार अवघड जाते.