इनामगांवचे प्राचीन रहिवासी, बदलतें पर्जन्यमान आणि संशोधनाचें कर्तृत्व

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यास कर्ता आणि लेखक यांतील भेद समजावून सांगावा लागत नाहीं. पुष्पिकेंत ‘लेखक’ म्हणून ज्याचें नांव येतें तो बहुधा नक्कल उतरणारा असतो. ग्रंथ ज्याच्या बुद्धींतून निघाला तो कर्ता निराळा. ज्ञानेश्वरीचेंच उदाहरण घ्या. शके १२१२ मध्यें ग्रंथ सांगितला तो ज्ञानदेवांनीं, लिहून घेतला तो सच्चिदानंदबाबांनीं, आणि शके १५०६ मध्यें पाठ शुद्ध केला तो एकनाथांनीं. तीनहि नांवें वंदनीय आहेत, परंतु तिघांचें कार्य एक नव्हे. मराठेशाहीच्या पत्रांतहि अक्षर कारकुनाचें आणि शिक्का धन्याचा असतो. हा भेद ज्यानें ओळखला नाहीं त्याच्या हातून कागदाचा अर्थ नीट लागत नाहीं.

हाच विवेक इतिहासपूर्व काळाविषयींचे आधुनिक ग्रंथ वाचतांना मात्र आपण बाजूस ठेवतों. मुखपृष्ठावरील नांव वाचावें आणि आंतील सर्व निष्कर्ष त्या नांवावर जमा करावा, अशी सर्रास चाल पडली आहे. यानें काय हानि होते तें आपल्याच प्रांतांतील एका उत्खननावरून दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगांव आहे. तेथील पांढरीचें उत्खनन डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत केलें. तेथें ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे तीन कालखंड आढळले: इ. स. पू. १६०० ते १४०० हा माळवा संस्कृतीचा, १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे, आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे. ज्या जोर्वे गांवावरून या संस्कृतीस नांव मिळालें तें संगमनेर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं असून तेथील उत्खनन १९५०–५१ मध्यें झालें.

पूर्व जोर्वे काळांतील इनामगांव संपन्न दिसतें. घरें चौकोनी व प्रशस्त, भिंती मातीच्या, वर गवताचें छप्पर. शेतीस पाणी देण्याकरितां पाट व बांध. जव हें मुख्य धान्य, त्याच्या जोडीस गहूं व कडधान्यें. उत्तर जोर्वे काळांत हें चित्र पालटतें. मोठ्या घरांच्या जागीं लहान गोल झोंपड्या येतात, गव्हाची लागवड मागें पडते, गाईबैलांच्या मानानें शेळ्यामेंढ्यांचा आधार वाढतो, आणि हरणादि वन्य प्राण्यांची शिकार अधिक होऊं लागते. इ. स. पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठून जाते. या पालटाचें कारण म्हणून एम. के. ढवळीकर यांनीं इ. स. पू. १००० च्या सुमारास पर्जन्यमान घटलें, शेती पिकेनाशी झाली आणि लोक अर्धवट भटके बनले, अशी उपपत्ति मांडली. ती पुढें पुष्कळांनीं स्वीकारली.

आतां ही उपपत्ति कोणाची, असा प्रश्न विचारून पाहूं. उत्खननाचा मुख्य वृत्तांत १९८८ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यावर ढवळीकर, हसमुख सांकळिया व झैनुद्दीन अन्सारी अशीं तीन नांवें आहेत. परंतु गव्हाची लागवड मागें पडली हें जळक्या दाण्यांवरून ओळखावें लागलें. तें काम एम. डी. काजळे यांचें. वन्य प्राण्यांचीं हाडें वाढलीं हें हाडांची निवड करून मोजल्यावांचून कळत नाहीं. तें काम पी. के. थॉमस यांचें. दोघांचीं स्वतंत्र प्रकरणें त्याच वृत्तांतांत आहेत. घोडेच्या खोऱ्यांतील गाळांचा अभ्यास एस. एन. राजगुरू प्रभृतींनीं केला. मानवी सांगाड्यांचें वर्णन जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनीं केलें, आणि तो दुसरा खंड पहिल्याच्या दोन वर्षें आधीं, म्हणजे १९८६ मध्येंच, बाहेर पडला. म्हणजे ‘पाऊस घटला म्हणून गांव ओस पडलें’ या एका वाक्यामागें इतके निरनिराळे हात आहेत, आणि प्रत्येकाच्या पुराव्याचें बळ निराळें आहे. दाणा गव्हाचा कीं जवाचा, हें प्रत्यक्ष पाहून ठरतें. पाऊस घटला हें अनुमान आहे.

अशा वेळीं कर्तृत्वाची मोजदाद कशी करितात तें पाहणें उद्बोधक होईल. ग्रंथकारांची गणना कांहीं आजची नव्हे. आल्फ्रेड लोटका यानें १९२६ मध्येंच शास्त्रीय निबंधकारांची गणती करून असें दाखविलें कीं सुमारें शेंकडा ६० जण एकेकच निबंध लिहितात, आणि अधिक लिहिणारांची संख्या झपाट्यानें घटत जाते. पुढें एका निबंधावर अनेक नांवें येऊं लागलीं, तेव्हां वांटणीचा प्रश्न उभा राहिला. त्याच्या तीन रीती मुख्य आहेत. पहिलींत प्रत्येक नांवास पूर्ण श्रेय देतात. इनामगांवच्या वृत्तांताचें एक कार्य मग तीन होतें. दुसरींत समान वांटे पाडतात, प्रत्येकास एकतृतीयांश. तिसरींत नांवाच्या क्रमास महत्त्व असून १, १/२, १/३ या प्रमाणांत वांटे होतात. तदनुसार ढवळीकरांस ६/११, सांकळियांस ३/११ आणि अन्सारींस २/११ येतात. गणित चोख आहे. पण क्रम हा श्रमाचा द्योतक आहे असें तें गृहीत धरतें. कोठें नांवें वर्णानुक्रमानें देतात, कोठें वडील विद्वानाचें नांव शेवटीं ठेवितात. येथें तर सर्वांत वडील सांकळिया मध्यें आहेत. आणि तीनहि रीतींनीं मुखपृष्ठ मोजलें असतां काजळे व थॉमस यांच्या वांट्यास शून्य येतें!

२००५ मध्यें होर्हे हिर्श या पदार्थविज्ञानवेत्त्यानें एक निर्देशांक सुचविला. तो आज फार चालतो. एखाद्या विद्वानाचे जितके निबंध प्रत्येकीं निदान तितक्याच वेळां इतरांनीं उल्लेखिले असतील, तो त्याचा अंक. दहा निबंध, प्रत्येकाचे निदान दहा उल्लेख, तर अंक दहा. याचा परिणाम उघड आहे. ज्यानें पंधरा वर्षें एकाच पांढरींत घालवून एकच बृहत् वृत्तांत लिहिला, त्याचा तो ग्रंथ हजार वेळां उल्लेखिला गेला तरी तेवढ्यावरून त्याचा अंक एकच राहील. तोच मजकूर दहा तुकड्यांनीं छापणारा दहापर्यंत चढूं शकेल. नेमणुका व अनुदानें अशा अंकांवर ठरूं लागलीं, तर सबंध वृत्तांत लिहिण्यास आणि दाणे व हाडें निवडीत बसण्यास पुढें कोण धजेल? आणि अप्रकाशित वृत्तांत म्हणजे खणून नष्ट केलेली पांढर, कारण एकदां काढलेला थर पुन्हां बसवितां येत नाहीं.

हातांचा भेद राखण्याचें फळ काय, तेंहि इनामगांवच सांगतें. तेथें लहान मुलांस घराच्या भुईखालीं, दोन कुंभ तोंडास तोंड लावून त्यांत पुरीत. त्या अस्थींचें वर्णन त्यांच्या अभ्यासकांच्या नांवें स्वतंत्र छापलें गेलें असल्यानें पुढील विद्वानांस मूळ पुराव्याकडे जातां आलें. ग्वेन रॉबिन्स शूग यांनीं २०११ च्या आपल्या ग्रंथांत मुलांच्या अस्थींवरून वाढीवर पडलेला ताण तपासला आणि हवामानाच्या नव्या पुराव्यांशीं तो ताडून पाहिला. दख्खनचें हवामान या वस्त्यांच्या आधींपासूनच निमशुष्क होतें, तेव्हां इ. स. पू. १००० ला एकाएकीं पडलेल्या अवर्षणावर सर्व भार टाकतां येत नाहीं, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. गोल झोंपड्या आणि हाडांचें बदललेलें प्रमाण हा पुरावा यानें ढळत नाहीं. ढळतें तें त्यावरील अनुमान. निरीक्षण व अनुमान एकाच नांवाखालीं गडप झालीं असतीं, तर एकाबरोबर दुसरेंहि फेंकलें गेलें असतें.

यावर उपाय म्हणून २०१४ पासून कार्यांची एक यादी प्रचारांत आली आहे. कल्पना, साधनसंग्रह, विश्लेषण, लेखन, देखरेख अशीं चौदा कार्यें तींत असून प्रत्येक नांवापुढें त्याचें कार्य लिहावयाचें असतें. २०२२ मध्यें अमेरिकेंत तिला अधिकृत मानकाचें रूप मिळालें. संग्राहकांस यांत नवें कांहीं वाटूं नये. कर्ता कोण, लेखक कोण, शोधक कोण, पोथी कोणासाठीं उतरली, हें आपल्या पुष्पिका केव्हांपासून सांगत आल्या आहेत. म्हणून प्राचीन मानव आणि पर्जन्य यांविषयीं कोणताहि निर्णय हातीं आला, तर त्यावरील नांवें मोजण्यापूर्वीं पोथी उघडल्यावर आपण करितों तेंच करावें: शेवटचें पान आधीं पाहावें, आणि कोणता मजकूर कोणत्या हातचा तें ठरवावें.