रुग्णवाहिका आणि शववाहिका : एका दुहेरी गाडीचा जीर्णोद्धार

हैदराबादेतील आपल्या सभासद बंधु-भगिनींपैकी बहुतेकांनी खिलवत भागातील चौमहल्ला राजवाडा पाहिलाच असेल. तेथील जुन्या वाहनांत पिवळ्या रंगाची एक रोल्स-रॉईस उभी आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ही गाडी मागविली. परंतु ती हाती येण्यापूर्वीच, १९११ साली, त्यांचे देहावसान झाले. मागील भागात सिंहासनासारखे उंच आसन असलेली ही गाडी पुढे सातव्या निजामांच्या समारंभांत मोजकीच फिरली व कालांतराने धूळ खात पडली. राजवाड्याच्या जीर्णोद्धाराबरोबर तिचेही भाग्य उजळले. ती पाहताना आमच्या मनात विचार आला की, राजाच्या गाडीचा जीर्णोद्धार करण्यास कोणीही पुढे येईल. पण ज्या गाडीने केवळ रोगी आणि मृत वाहिले, तिचा कोण करणार?

अशा गाड्या होत्या, व त्यांचा जीर्णोद्धार करणारे हौशी लोकही आहेत. अमेरिकेतील लहान गावांत आडव्या झोपलेल्या माणसास नेता येईल एवढी लांब गाडी बहुधा एकाच गृहस्थाकडे असे. तो म्हणजे अंत्यविधीचा व्यवसाय करणारा. दोन गाड्या पोसणे परवडत नसल्याने त्याने एकीकडूनच दोन्ही कामे घेतली. कॅडिलॅक कारखाना अशा कामासाठी खास लांब सांगाडा पुरवी. १९५९ सालच्या सांगाड्यात पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर १५६ इंच, म्हणजे बरोबर तेरा फूट होते. त्यावर मिलर-मीटिअरसारखे कारखानदार शरीर चढवीत. शवपेटी सरकविण्याचे रूळ उलटे केले की खाली सपाट जमीन तयार होई व तीवर रुग्णाची खाट बसे. शेजारी परिचारकाचे घडीचे आसन उघडे, छतावर दिवा चढे. काम संपले की दिवा उतरे, खिडक्यांवर शोभेच्या पट्ट्या लागत, आणि तीच गाडी स्मशानाची वाट धरी.

१९८४ सालच्या ‘घोस्टबस्टर्स’ चित्रपटातील प्रसिद्ध गाडी याच जातीची, १९५९ सालची. चित्रपटातील पात्र ती ४,८०० डॉलरना विकत आणते आणि लगोलग दुरुस्त्यांची लांबलचक यादी वाचू लागते. जुनी वस्तू स्वस्तात घेतल्याचा आनंद किती क्षणभंगुर असतो, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

जीर्णोद्धाराचे काम खरोखरच चिकाटीचे आहे. प्रथम प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे, सुट्या भागांस चिठ्ठ्या लावाव्यात, मगच पाना हाती धरावा. जमिनीचा पत्रा व दारांच्या कडा गंजलेल्या असतात, तारांवरील रबर तडकलेले असते. ब्रेकच्या जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती कोरडी घासून धूळ उडवू नये. सामान्य कॅडिलॅकचे यंत्रभाग शोधता येतात. परंतु ते उलटणारे रूळ, पेटी अडविणाऱ्या खुंट्या, लांब मागील काच हे भाग थोड्याच संख्येने बनल्यामुळे दुर्मिळ. एक खुंटी हरवली तर ती नव्याने घडवूनच घ्यावी लागते.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. गाडी कोणत्या रूपात उभी करावी? रूळ काढून टाकून पांढरी शुभ्र रुग्णवाहिका केली, तर पाहणाऱ्यास ती अधिक रुचेल. परंतु तो खोटा जमाखर्च ठरेल. तिचे सत्य दोन्ही रूपांत आहे, आणि त्या सत्यात एक कटु नोंदही आहे. १९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने दाखविले की, देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका-सेवा १२,००० अंत्यविधी-व्यावसायिकांच्या हाती होती, आणि परिचारकांचे प्रशिक्षण अपुरे होते. कितीएकांनी ही सेवा तोटा सोसून, शेजारधर्म म्हणून चालविली. तरीही रुग्ण जगला तर अल्प भाडे आणि मेला तर मोठे काम, अशा स्थितीत सज्जनाकडेही संशयाने पाहिले जाते. ज्या व्यवहारात आपला लाभ गिऱ्हाइकाच्या हानीत असतो, तेथे प्रामाणिकपणा पुरेसा नसतो. व्यवहारच वेगळा करावा लागतो. पुढे रुग्णवाहिकांसाठी स्वतंत्र नियम झाले, आत उभे राहून उपचार करता येतील अशा उंच गाड्या आल्या, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस दुहेरी गाडीचे युग संपले.

आपल्या शहरानेही या बदलात वाटा उचलला आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेतच सुरू झाली व पुढे अनेक राज्यांत पसरली. तिच्यात प्रशिक्षित मनुष्य रुग्णाशेजारी बसतो; शेवटच्या प्रवासाची गाडी निराळी असते.

म्हणून आमचे मत असे की, दुहेरी गाडीचा जीर्णोद्धार अवश्य व्हावा आणि तो रुळांसकट व्हावा. आपल्यापैकी अनेक कुटुंबे दिवंगतांच्या स्मरणार्थ वाहन अर्पण करतात. दान देताना वाहनावर नाव कोरविण्यापूर्वी आत कोण बसणार, त्याला काय येते आणि गाडीच्या देखभालीचा खर्च दरवर्षी कोठून येणार, हे विचारावे. गाडी एकदा देता येते. तिची काळजी मात्र रोज घ्यावी लागते.