निष्प्रयोजन हिरवळ : लास वेगसच्या जलनियमातील एक संज्ञा

अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या विधिमंडळाने २०२१ साली संमत केलेल्या एका कायद्यात ‘निष्प्रयोजन हिरवळ’ अशा अर्थाची संज्ञा योजिली आहे. लास वेगस व परिसरातील ज्या हिरवळीस ही संज्ञा लागू पडते, तिला १ जानेवारी २०२७ पासून कोलोरॅडो नदीचे पाणी देण्यास या कायद्याने मनाई केली आहे. केवळ एककुटुंबी घरांसाठी राखलेल्या जागा तेवढ्या यातून वगळल्या आहेत. एका विशेषणावर एवढा भार टाकणारा नियम विरळाच.

हा भार हिरवळीवरच का पडावा, याचे उत्तर तेथील पाण्याच्या हिशेबात आहे. लास वेगसला वर्षाकाठी सुमारे चार इंच पाऊस पडतो. शहराचे जवळजवळ नव्वद टक्के पाणी कोलोरॅडो नदीवरील मीड जलाशयातून येते. नदीच्या वाटपात नेवाडाच्या पदरी वर्षाला तीन लक्ष एकर-फूट, म्हणजे सुमारे ३७ कोटी घनमीटर, एवढाच वाटा आला. तथापि घरात, उपाहारगृहात वा हॉटेलात वापरलेले पाणी गटारांतून गोळा होते, शुद्ध होऊन जलाशयात परतते, आणि जेवढे परतते तेवढे वाट्याव्यतिरिक्त पुन्हा उचलता येते. स्नानाचे पाणी अशा रीतीने परत मिळते. गवताला घातलेले मात्र हवेत उडून जाते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील एका पाहणीनुसार हिरवळीस दर चौरस फुटामागे वर्षाला ७३ गॅलन (सुमारे २७६ लिटर) पाणी लागे, तर अल्पजलजीवी झाडांच्या बागेस अवघे १७.

आता संज्ञेकडे वळू. कायद्याने तिची व्याख्या करण्याचे काम दक्षिण नेवाडा जल प्राधिकरणावर सोपविले. त्या व्याख्येत गवताची जात विचारलेली नाही. आपल्याकडील दूर्वा, जिला तेथे बर्म्युडा गवत म्हणतात, तुलनेने कमी पाण्यावर तगते. पण रस्त्याच्या दुभाजकावर ती उगवली की तीही निष्प्रयोजनच. प्रश्न एवढाच, की तिच्यावर कोणी वावरते काय? क्रीडांगण, शाळा, उद्यान, दफनभूमी येथील हिरवळ सप्रयोजन ठरते. वाहनतळाच्या कडेची, कार्यालयापुढची, संकुलाच्या प्रवेशद्वारापाशी केवळ शोभेसाठी राखलेली ठरत नाही. पाळीव कुत्र्यांच्या विधीसाठी राखलेला तुकडा सप्रयोजनांत मोडतो, हे वाचून हसू येते खरे, पण व्याख्येच्या तर्काला ते धरूनच आहे. नेत्रसुख हे प्रयोजन नव्हे, असा निर्णय येथे एका नकारार्थी उपसर्गाने दिला आहे. बागेच्या इतिहासात तो साधा नव्हे.

दुसऱ्या एका शब्दाने याच क्षेत्रात निराळीच अडचण केली. १९८१ साली डेन्व्हर येथे ‘झेरॉस’ (कोरडा) या ग्रीक शब्दावरून ‘झेरिस्केप’ हे नाव घडविण्यात आले. लोकांच्या कानांनी त्याचे ‘झीरोस्केप’ केले, आणि कोरड्या बागेचा अर्थ शून्य बाग, नुसती खडी, असा होऊन बसला. वास्तविक हिरवळ काढणाऱ्यास अनुदान देताना, झाडे पूर्ण वाढल्यावर निम्मे क्षेत्र त्यांनी झाकले जावे, अशी प्राधिकरणाची अट आहे.

व्याख्येने न पाहिलेली वस्तू म्हणजे हिरवळीत उभा असलेला जुना वृक्ष. तुषारांच्या पाण्यावर वाढल्याने त्याची मुळे उथळ राहिलेली असतात. गवताबरोबर नळही बंद झाला, की तो वठतो. अशा तक्रारी झाल्या आहेत, आणि जेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेथे सावलीला निष्प्रयोजन म्हणणे कठीण आहे. गवत काढताना झाडाच्या बुंध्याभोवती, मुळांच्या पूर्ण विस्तारापर्यंत, ठिबकनळ्या आधी घातल्या तर हे टाळता येते. पण ते काम सांगणारा शब्द हिरवळीच्या व्याख्येत नाही.