बोलीची थट्टा आणि मुलाचे मन

सिल्वासाच्या शाळेत एकेका वर्गात किती भाषा नांदतात! वारली, कोकणा, धोडिया, गुजराती, मराठी, हिंदी. शिवाय कारखान्यांमागोमाग दूरच्या प्रांतांतून आलेल्या कुटुंबांच्या भाषा निराळ्याच. ही गावाची श्रीमंती खरी. पण कधी कधी तीच काट्यासारखी बोचते. एखाद्या मुलाच्या तोंडून घरातला शब्द निसटतो, वर्ग खो खो हसतो, आणि दुसऱ्या दिवसापासून तो शब्दच त्याचे नाव होऊन बसतो.

असे मूल घरी येऊन रडतेच असे नाही. ते वर्गात उत्तर देईनासे होते, सकाळी पोट दुखते म्हणते, चारचौघांत आईशी आपल्या बोलीत बोलावयास लाजते. आईबापांनी ही खूण ओळखावी. "पोरेच ती, चालायचेच!" म्हणून विषय झटकू नये, "तूही चार शब्द सुनाव" असा सल्लाही देऊ नये. आधी सगळे शांतपणे ऐकून घ्यावे.

मग घरीच तालीम करावी. चिडविणाऱ्याला मुलाची चिडच हवी असते. ती न मिळाली की पुष्कळदा खेळ ओसरतो. ताठ मानेने, आवाज न चढविता, "आमच्या घरी असेच म्हणतात" एवढे बोलून निघून जाण्याचा सराव द्यावा. मधल्या सुट्टीत सोबतीला एक मित्र असावा. तरीही त्रास न थांबला, तर ती मुलाची हार नव्हे. मोठ्यांनी पुढे होण्याची ती वेळ होय. मदत मागणे म्हणजे चहाडी नव्हे, हे त्याला समजावून वर्गशिक्षकांना भेटावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांच्या मानसिक छळास मनाई केली आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांकही आहे.

मुलांना शेजारच्या डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांची गोष्ट जरूर सांगावी. आई वारल्यावर लहानग्या जिव्याने बोलणेच सोडले. मातीत रेघा ओढून तो आपले मन सांगे. पुढे त्यांच्याच हातून वारली चित्रे जगभर पोहोचली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या माणसांचे जे आहे, त्याची लाज कसली?

शेवटी, वाचकहो, आपल्याच ओट्यावरचे बोलणे तपासून पाहू या. शेजाऱ्याच्या बोलीची, रंगाची, जातीची नक्कल करून आपण हसलो, तर तेच हसू उद्या आपली मुले दप्तरातून शाळेत नेतात.