इंट की चार?

पीसीवर प्रोग्राम लिहिताना आपण सवयीने सगळीकडे ‘इंट’ टाकतो. पण ८०५१ ही ८ बिटची चिप, मूळ ८०५१ मध्ये आतली रॅम फक्त १२८ बाइट! इथे इंट २ बाइट खातो आणि साधी बेरीजही दोन हप्त्यांत होते. लोकलचे डबे १२ नाहीतर १५. ते मोजायला ‘अनसाइन्ड चार’, म्हणजे १ बाइट, भरपूर झाला. पण कल्याण स्टेशनच्या पुलावरची माणसं मोजायची असतील तर? २५५ नंतर सरळ शून्य! आमच्या प्रोजेक्टचा काउंटर व्हायवाच्या आदल्या रात्री असाच फसला. याउलट ३२ बिटच्या एआरएमला इंटच सोयीचा; छोट्या टाइपसाठी कधीकधी जादा इन्स्ट्रक्शन लागते. तेव्हा आधी सर्वांत मोठा आकडा ठरवा, चिप बघा, मगच टाइप निवडा!