दंतवैद्याची खुर्ची रिकामी का राहिली?

दाढ ठणकू लागली की माणसाला दुसरे काही सुचत नाही. मे २०२० मध्ये माझी दाढ ठणकली. नेहमीच्या दंतवैद्यांना फोन केला, तर ते म्हणाले, "सर, तूर्त गोळ्यांवर काढा. यंत्र लावायची सोय नाही." करोनाची साथ जोरात होती. वाण्याचे दुकान उघडे, औषधांचे दुकान उघडे, मग दात कोरायचे यंत्रच बंद का? दाढ धरून बसल्या बसल्या मी याचा विचार करू लागलो, आणि गंमत म्हणजे उत्तर आपल्या पदार्थविज्ञानातच सापडले.

हे यंत्र म्हणजे दाबाखालील हवेवर फिरणारे एक चिमुकले टर्बाइन. १९५७ च्या सुमारास ते वापरात आले. त्याचे टोक मिनिटाला तीन लाख किंवा त्याहूनही अधिक फेरे घेते. तुमच्या घरचा छताचा पंखा घेतो तीनशेच्या आसपास! टोकाचा व्यास १.६ मिलिमीटर धरा. परिघ झाला सुमारे ५ मिलिमीटर. सेकंदाला ५,००० फेरे, म्हणजे टोकाच्या कडेचा वेग सेकंदाला २५ मीटर, अर्थात ताशी ९० किलोमीटर. एवढ्या घर्षणाची उष्णता दाताच्या आतील मऊ, जिवंत गाभ्याला सोसवत नाही. म्हणून टोकावर सतत पाण्याचा फवारा सोडावा लागतो. हे पाणी तोंडातल्या लाळेत मिसळते, फिरत्या टोकावर आपटते आणि त्याचे बारीक तुषार होऊन खोलीत उडतात.

तुषार खाली पडतीलच, असे तुम्ही म्हणाल. पडतात, पण किती वेळाने? हवेतून पडणारा लहान थेंब थोड्याच वेळात एका स्थिर वेगाने उतरू लागतो, आणि हा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट कमी, तर वेग शंभरपट कमी. ०.१ मिलिमीटर व्यासाचा थेंब दीड मीटर उंचीवरून जेमतेम पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. ०.०१ मिलिमीटरच्या थेंबाला आठ-नऊ मिनिटे लागतात. आणि ०.००१ मिलिमीटरच्या कणाला? सुमारे चौदा तास, तेही खोलीतील हवा अगदी निश्चल असेल तर. शिवाय थेंबातील पाणी वाटेतच उडून जाते व उरलेला कण आणखी हलका होतो. रुग्ण उठून घरी गेला तरी त्याच्या तोंडातले काही कण खोलीतच तरंगत राहण्याचा संभव होता. पुढचा रुग्ण त्याच खुर्चीत तोंड उघडून बसणार, मास्क न लावता!

म्हणूनच मार्च २०२० मध्ये ठिकठिकाणी नेहमीची दंतचिकित्सा थांबली. अमेरिकेच्या दंतवैद्य संघटनेने १६ मार्चला तातडीची नसलेली कामे पुढे ढकलण्यास सांगितले. २५ मार्चला आपल्याकडे टाळेबंदी सुरू झाली, त्याच दिवशी इंग्लंडातील नेहमीची दंतसेवा बंद झाली. ती ८ जूनला पुन्हा सुरू होऊ लागली.

दवाखाने उघडले, पण दोन रुग्णांच्या मध्ये खोली मोकळी ठेवायची अट आली. इंग्लंडात आरंभी ही वेळ एक तासाची होती. एवढी का? समजा, पंख्याने खोलीतील हवा तासाला सहा वेळा बदलते. मग दहा मिनिटांत खोली साफ व्हायला हवी! तसे होत नाही. मिठाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत नळ सोडून पाहा. ताजे पाणी जुन्यात मिसळते आणि मिश्रण बाहेर वाहते. हवेचेही तसेच. दहा मिनिटांनी ३७ टक्के कण शिल्लक असतात, वीस मिनिटांनी १३-१४ टक्के. एक टक्क्यावर यायला ४६ मिनिटे लागतात. हवा तासाला बारा वेळा बदलली तर हे काम २३ मिनिटांत होते.

आता दंतवैद्याचा हिशेब करा. अर्ध्या तासाचा एक रुग्ण, आठ तासांत सोळा. प्रत्येकानंतर एक तास थांबायचे तर जेमतेम पाच. भाडे, विजेचे बिल, मदतनिसाचा पगार मात्र पूर्वीइतकाच. वर चांगले मास्क आणि अंगभर झगे यांचा खर्च वेगळा. आणि उरलेल्या अकरा जणांच्या दाढा काही थांबत नाहीत. कीड आत शिरत राहते. जे काम चांदी किंवा सिमेंट भरून भागले असते, ते मुळापर्यंत जाते.

भीती कितपत खरी ठरली? अमेरिकेतील दंतवैद्यांची जून २०२० मध्ये पाहणी झाली, तेव्हा लागण झालेले एक टक्क्याहूनही कमी निघाले. अर्थात, तोवर ते मास्क व इतर काळजी घेऊ लागले होते. पुढे ओहायो राज्यातील संशोधकांनी २८ रुग्णांवरील उपचारांच्या वेळी उडालेले तुषार गोळा करून तपासले. त्यांतील जंतू मुख्यतः यंत्राच्या पाण्यातले होते, लाळेचा वाटा अगदी थोडा. १९ रुग्णांच्या लाळेत करोनाचा विषाणू होता, तरी तुषारांत तो सापडला नाही. यंत्राचे भरपूर पाणी लाळेला पातळ करते आणि तोंडाशी धरलेली जोरदार ओढनळी बरेचसे तुषार उडण्याआधीच खेचून घेते. मला हा निष्कर्ष फार आवडला. पण २८ रुग्ण म्हणजे लहानच संख्या, हेही ध्यानात ठेवा.

दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवण्याची युक्ती तर १८६४ पासूनची. पडद्यामुळे लाळ आतच राहते. वेळ लागतो म्हणून पुष्कळ जण तो टाळत. साथीत त्याची आठवण झाली. १९८० नंतर एड्सच्या भीतीने दंतवैद्यांच्या हातांत रबरी मोजे आले आणि मग ते निघाले नाहीत, तसेच काहीसे. माझी दाढ अखेर ऑक्टोबरमध्ये भरली गेली. खिडकीत हवा बाहेर फेकणारा नवा पंखा होता, खिडकी सताड उघडी होती, आणि माझ्या आधीचा रुग्ण जाऊन पाऊण तास झाला होता.